पाहण्याचें प्रयोजन

सन १८३८ च्या सुमारास पॅरिस शहरीं लुई दागेर या गृहस्थानें आपल्या घराच्या खिडकींतून समोरच्या रस्त्याचें एक प्रकाशचित्र घेतलें. रस्ता अत्यंत वर्दळीचा. परंतु चित्रांत तो जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. चांदीचा मुलामा दिलेल्या त्या काळच्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास कित्येक मिनिटें लागत. तेवढ्या अवधींत जे चालत होते, ज्यांच्या गाड्या धांवत होत्या, ते सर्व पुसले गेले. एक मनुष्य मात्र राहिला. तो बूट साफ करून घेण्यासाठीं रस्त्याच्या कडेला थांबला होता, आणि त्याच्याबरोबर त्याच्या पायाशीं वांकलेल्या बूटवाल्याची अस्पष्ट आकृतिहि पत्र्यावर उतरली. ज्यांत जिवंत माणूस दिसतो असें हें आज उपलब्ध असलेलें बहुधा सर्वांत जुनें छायाचित्र होय. त्या दोघांचीं नांवें इतिहासाला ठाऊक नाहींत. आणि आपण चित्रांत उतरत आहों ही गोष्ट त्यांच्या गांवींहि नसावी.

रस्त्यावरच्या छायाचित्रणांत पुढें जे जे प्रश्न उद्भवले, ते सर्व या एका पत्र्यांत बीजरूपानें आहेत असें आम्हांस वाटतें. पाहणारा वर, खिडकीच्या आडोशाला. ज्याला पाहिलें तो खालीं, उघड्यावर आणि अजाण. खालच्या दोघांपैकीं एकाला बूट स्वच्छ हवे होते, दुसऱ्याला दोन पैसे हवे होते. त्या दोघांचें प्रयोजन त्याच दिवशीं सिद्धीस गेलें. पाहणाऱ्याचें प्रयोजन कोणतें, हा विचार मात्र पावणेदोनशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी संपलेला नाहीं.

हा विचार आज केवळ नाणावलेल्या कलावंतांपुरता उरलेला नाहीं. कॅमेरा आतां टेलिफोनच्या पोटांत शिरून जवळजवळ प्रत्येकाच्या खिशांत जाऊन बसला आहे. मध्यम स्थितींतील घरांतला एखादा तरुण रविवारीं पहांटे उठून दादरच्या फुलबाजारांत, भुलेश्वरच्या गल्ल्यांत किंवा पुण्याच्या मंडईंत हिंडूं लागतो, आणि दुपारीं घामाघूम होऊन परत येतो तो अनोळखी माणसांचीं चित्रें घेऊन. घरांतलीं माणसें कांहीं दिवस कौतुक करतात. मग एके दिवशीं जेवतांना आई सहज विचारते, "ओळख ना पाळख, त्या लोकांचे फोटो काढून तुला काय रे मिळतें?" मुलगा चिडतो, कारण हाच प्रश्न त्यानें स्वतःला कित्येक वेळां विचारलेला असतो, आणि त्याचें उत्तर त्याला सांपडलेलें नसतें.

आईचा हा प्रश्न अरसिकपणाचा म्हणून हंसण्यावारी नेणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ज्या घरांत वेळ व पैसा हे दोन्ही मोजून वापरावे लागतात, तेथें आठवड्यांतला एकुलता एक मोकळा दिवस मनुष्य कशावर खर्च करतो, हा नीतीचाच प्रश्न आहे. त्या दिवसावर म्हाताऱ्या आईबापांचा हक्क असतो, बायकोमुलांचा असतो. "मला आवडतें" हें उत्तर खरें असलें तरी अपुरें आहे. आवड हा प्रयोजनाचा आरंभ असेल. तेवढ्यानें प्रयोजन सांगितलें असें होत नाहीं.

आपल्या साहित्यशास्त्रानें काव्याला हाच प्रश्न फार पूर्वीं विचारला. मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त कवीच्या उद्योगाचीं सहा प्रयोजनें सांगितलीं: यश, द्रव्य, लोकव्यवहाराचें ज्ञान, अमंगलाचें निवारण, तत्काळ लाभणारा परम आनंद, आणि प्रियेच्या बोलण्यासारखा गोड उपदेश. हीं आपल्या रविवारच्या फिरस्त्याला लावून पाहावीं. यश मिळतें तें हजारांत एकाला. द्रव्य तर मिळत नाहींच, उलट पदरचें जातें. लोकव्यवहाराचें ज्ञान मात्र खचित मिळतें. हमाल ओझें उचलतांना कोणाला हांक मारतो, भाजीवाली भवानीचे पैसे कपाळाला कसे लावते, पाऊस आला कीं कोण कोणाच्या छत्रींत शिरतें, हें घरीं बसून कळत नाहीं. आनंदहि मिळतो, आणि तो खोटा नव्हे. अमंगलाच्या निवारणाचा विचार पुढें येईलच. उपदेशाचा अधिकार तर आमचा हा फिरस्ता स्वतःच सांगणार नाहीं. परंतु ही सारी यादी वाचली तरी आईला द्यावयाचें उत्तर तींतून निघत नाहीं. मम्मटानें सांगितलीं तीं काव्याचीं प्रयोजनें होत. मुलाला हवें आहे तें त्याचें स्वतःचें. सहस्रावधि लोक तोच रस्ता टिपीत असतां आपणच तो कां टिपावा, ही त्याची खरी अडचण आहे.

यावर हल्लीं सर्वत्र एक उपदेश ऐकूं येतो: आधीं अंतर्मुख होऊन आपलें प्रयोजन शोधा, आणि मग कॅमेरा हातीं घ्या. आम्हांस हा क्रम उलटा वाटतो. प्रयोजन ही घरांत हरवलेली किल्ली नव्हे, कीं चार कोपरे धुंडाळले म्हणजे ती सांपडावी. काम करतां करतां तें घडत जातें, आणि ज्याच्या ठायीं घडतें त्यालाहि पुष्कळदां मागाहूनच कळतें. फ्रान्समधील यूजेन आत्जे याचें उदाहरण या बाबतींत मोठें बोधप्रद आहे.

आत्जे १८५७ सालीं जन्मला. लहानपणींच तो पोरका झाला, कांहीं काळ जहाजावर नोकरीला राहिला, आणि पुढें नाटकांतून दुय्यम भूमिका करूं लागला. तेथें जम बसला नाहीं, तेव्हां पोटासाठीं त्यानें छायाचित्रण धरलें. दारावर पाटी लावली ती 'कलावंतांसाठीं दस्तऐवज' अशा अर्थाची. चित्रकारांना नमुन्यादाखल झाडें, दारें, जिने लागतात. त्यांचीं छायाचित्रें काढून विकावयाचीं, एवढाच हेतु. १८९७-९८ च्या सुमारास तो जुन्या पॅरिसकडे वळला. पडूं घातलेलीं घरें, दुकानांच्या दर्शनी कांचा, अरुंद बोळ, रस्त्यावर माल विकणारे फेरीवाले, चिंध्या गोळा करणारे, या सर्वांचीं चित्रें तो १८ × २४ सेंटिमीटरच्या कांचांवर घेई. लांकडी कॅमेरा, तिकाटणें व कांचा मिळून ओझें भारी होई. १९२५ सालीं हातांत मावणारा लायका कॅमेरा बाजारांत आला, तरी त्यानें आपलें जुनें यंत्र सोडलें नाहीं. १९२० मध्यें त्यानें २,६२१ कांचा सरकारला १०,००० फ्रँकला विकल्या. त्या वेळच्या पत्रांत, सारें जुनें पॅरिस आपल्या संग्रहीं आहे असें तो अभिमानानें सांगतो.

पोटासाठीं आरंभिलेलें काम एका शहराची स्मृति राखण्याचें काम नेमकें कोणत्या दिवशीं झालें, हें आत्जेला तरी सांगतां आलें असतें काय? १९२६ मध्यें पॅरिसच्या अतिवास्तववादी मंडळींच्या नियतकालिकानें त्याचें चित्र छापावयाचें ठरविलें, तेव्हां आपलें नांव घालूं नका, हे केवळ दस्तऐवज आहेत, असें त्यानें कळविलें. दुसऱ्याच वर्षीं तो वारला. त्याच्याजवळ उरलेला संग्रह बेरेनिस ॲबट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनीं जपला, आणि १९६८ सालीं तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत गेला. त्याच्या नम्रतेचें आम्हांस तितकेंसें कौतुक नाहीं. त्याचें लक्ष स्वतःवरून उठून त्या दारांवर, जिन्यांवर आणि फेरीवाल्यांवर जाऊन बसलें होतें, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें.

यावर कोणी म्हणेल कीं, आत्जेला निदान गिऱ्हाइकें तरी होतीं. ज्याचें काम पाहावयास कोणीच नाहीं, त्याचें काय? या शंकेलाहि उत्तर आहे. व्हिव्हियन मायर ही बाई १९२६ सालीं न्यूयॉर्क येथें जन्मली, आणि १९५६ पासून शिकागोमधील कुटुंबांतून मुलें सांभाळण्याची नोकरी करीत राहिली. मुलांना फिरावयास नेतांना व सुट्टीच्या दिवशीं गळ्यांत कॅमेरा अडकवून ती रस्तोरस्तीं हिंडे. म्हातारीं माणसें, रडणारीं पोरें, दारिद्र्यानें गांजलेले लोक, दुकानाच्या कांचेंत पडलेलें स्वतःचें प्रतिबिंब, असें कांहीं तिनें सोडलें नाहीं. एक लाखाहून अधिक निगेटिव्ह तिनें मागें ठेवल्या, आणि त्यांतील फारच थोड्या कोणाला दाखविल्या. उतारवयांत गुदामाचें भाडें थकलें, म्हणून २००७ सालीं तिच्या पेट्यांचा लिलांव झाला. २००९ च्या एप्रिलमध्यें ती वारली. तिची कीर्ति झाली ती त्यानंतर.

या बाईचें प्रयोजन काय होतें हें सांगण्यास ती आज नाहीं, आणि तिच्या वतीनें कोणी सांगूंहि नये. पण एवढें निश्चित कीं, प्रेक्षकांवांचून तें पुरीं चाळीस वर्षें टिकलें. दुसऱ्यांच्या घरांत, दुसऱ्यांच्या मुलांमागें जन्म घालविणाऱ्या त्या बाईला रस्त्यावर जें दिसे तें सर्वस्वीं तिचें होतें. मात्र यांतच मनाला टोंचणारी एक गोष्ट आहे. तिनें पेटींत बंद ठेवलेलें सर्व आज जग पाहत आहे, आणि त्यासाठीं तिची संमति कोणास घेतां आलेली नाहीं. जन्मभर जिनें अनेकांना न सांगतां पाहिलें, तिलाच आतां जग न विचारतां पाहत आहे.

या दोघांच्या उलट बाजूस गॅरी विनोग्रांड उभा आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर याच्याइतका अथक हिंडलेला छायाचित्रकार विरळा. १९८४ सालीं वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं तो वारला, तेव्हां सुमारें २,५०० रिळें धुतलेलींच नव्हतीं. ६,५०० च्या आसपास धुतलेलीं होतीं, पण त्यांचे ठसे निघाले नव्हते. आणखी सुमारें ३,००० रिळांचे ठसे निघाले होते, पण त्यांतून निवड व्हावयाची राहिली होती. एका रिळावर ३६ चित्रें धरलीं, तर न धुतलेल्या रिळांतलीं ९०,००० चित्रें त्यानें स्वतः कधीं पाहिलींच नाहींत. घेतांनाच्या भावनेनें निवड दूषित होऊं नये म्हणून रिळें वर्ष-दोन वर्षें तशींच ठेवावीं, असा त्याचा परिपाठ होता, आणि त्यांत शहाणपण होतें. परंतु अखेरच्या वर्षांत कळ दाबणें हेंच साध्य होऊन बसलें, असें त्याच्या चाहत्यांपैकींहि कित्येकांस वाटलें. तो मोठा कलावंत होता, म्हणून त्याची ही गोष्ट आम्हांस अधिक विचार करावयास लावते. आज ज्यांच्या टेलिफोनमध्यें दहा-दहा हजार चित्रें पुन्हा एकदांहि न पाहतां पडून आहेत, त्या आपण सर्वांनीं तर ती विसरूं नये.

आत्जे आणि विनोग्रांड यांच्यामधला भेद सांगावयास आपल्याकडे एक जुनी परिभाषा आहे. फळाची आसक्ति सोडून कर्म करावें, हें गीतेचें वचन आपल्या घराघरांतून ऐकूं येतें. पण त्याचा अर्थ पुष्कळदां सोयीनें केला जातो. निष्काम कर्म म्हणजे निष्प्रयोजन कर्म नव्हे. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त लोकमान्यांनीं कर्मापेक्षां कर्त्याच्या बुद्धीवर भर दिला, तो याच कारणास्तव. कीर्ति मिळो न मिळो, हें सोडतां येतें. केलेलें काम नीट झालें कीं नाहीं याकडे पाठ फिरवितां येत नाहीं. जो घेतलेल्या चित्राकडे परत येऊन पाहत नाहीं, त्यानें फळाची आसक्ति सोडली असें म्हणवत नाहीं. त्यानें कर्मच अर्धवट टाकलें, असें म्हणावें लागतें.

येथवर आम्ही पाहणाऱ्याचाच विचार केला. ज्याला पाहिलें त्याचा विचार केल्यावांचून मात्र हा प्रश्न सुटत नाहीं. आणि त्यासाठीं दूर जावयास नको, मुंबईचाच इतिहास पुरे आहे. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ सालीं, म्हणजे ही कला जगाला कळल्यावर अवघ्या पंधरा वर्षांनीं. डॉक्टर नारायण दाजींसारखे एतद्देशीय गृहस्थहि तींत हौसेनें चित्रें मांडीत. त्याच मंडळींतील विल्यम जॉन्सन यानें १८६३ व १८६६ सालीं मुंबईच्या रहिवाशांच्या जातिजमातींचीं चित्रें दोन खंडांत प्रसिद्ध केलीं. त्यांतील कित्येक चित्रें अशीं तयार केलेलीं आहेत कीं, माणसांची छबी निराळी घेतली, देखावा निराळा घेतला, आणि मग दोन्ही जोडून एक केलीं. चित्राखालीं त्या माणसाचें नांव नाहीं. आहे तें त्याच्या जातीचें किंवा धंद्याचें.

त्या पुस्तकाचें ऐतिहासिक मोल आम्ही नाकारीत नाहीं. पण त्यांत जें घडलें तें आजच्या फिरस्त्याच्या हातूनहि रोज घडूं शकतें. फुटपाथावर निजलेला मजूर, सुरकुतलेल्या चेहऱ्याची म्हातारी, भस्म फांसलेला गोसावी यांचीं चित्रें पाहतांना आम्हांस पुष्कळदां असें वाटतें कीं, येथें मनुष्य दिसलाच नाहीं, नमुना तेवढा दिसला. फोटो काढणाऱ्याला दारिद्र्य हवें होतें, वार्धक्य हवें होतें, भक्ति हवी होती. तीं दाखविण्यासाठीं त्या देहाचा उपयोग झाला, इतकेंच. आपल्याला प्रयोजन मिळावें म्हणून दुसऱ्याला साधन करणें, हें नीतीला धरून नाहीं.

चांगला हेतु असला म्हणून हा दोष आपोआप फिटतो असेंहि नाहीं. डोरोथिआ लँग ही सॅन फ्रान्सिस्को येथें श्रीमंतांच्या तसबिरी काढून चरितार्थ चालवीत असे. मंदीच्या काळांत आपल्या स्टुडिओच्या खिडकींतून तिला बेकारांचे तांडे दिसूं लागले, आणि १९३३ सालीं ती कॅमेरा घेऊन खालीं उतरली. फुकट अन्नासाठीं लागलेल्या रांगेचें तिचें चित्र त्याच वर्षाचें. १९३६ मध्यें सरकारी कामावर असतांना तिनें कॅलिफोर्नियांत वाटाण्याच्या मळ्यावरील मजुरांच्या तळावर एका उपाशी आईचें चित्र घेतलें. तें छापून येतांच सरकारनें त्या तळावर अन्न पाठविलें. मम्मटाचें अमंगलनिवारण तें हेंच. परंतु लँगनें त्या आईचें नांव विचारलें नव्हतें. आणि अन्न पोंचलें तोंवर ती आई मुलांसह पुढच्या गांवीं निघून गेली होती. १९७८ सालीं तिचा शोध लागला, तेव्हां हें चित्र घेतलें गेलें नसतें तर बरें झालें असतें, आपल्याला त्यांतून एक पैहि मिळाली नाहीं, असें तिनें बोलून दाखविलें. अनेकांचें कल्याण झालें हेंहि खरें, आणि त्या एका बाईचें देणें राहिलें हेंहि खरें. पहिल्यानें दुसरें फिटत नाहीं.

मग रस्त्यावर चित्रें घेऊंच नयेत काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. प्रत्येकाला आधीं विचारूं लागलें तर चेहऱ्यावरचा सहज भाव नाहींसा होतो, ही छायाचित्रकारांची तक्रार खोटी नाहीं. आणि सार्वजनिक रस्त्यावर आपण एकमेकांच्या दृष्टीस पडणारच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, खिडकींतून पाहणें आणि रस्त्यावर उतरून पाहणें यांत नीतीचा भेद आहे. उतरलेला मनुष्य स्वतःहि दिसतो. त्याला कोणी हटकूं शकतें, नको म्हणूं शकतें. त्याला कॅमेरा खालीं घ्यावा लागतो, क्षमा मागावी लागते, दोन शब्द बोलावे लागतात. चित्र घेण्यापूर्वीं विचारणें शक्य नसेल, तर घेतल्यावर विचारणें बहुधा शक्य असतें. आणि तेंहि साधलें नाहीं, तर एक कसोटी उरते: उद्यां ही व्यक्ति माझ्या घरीं येऊन भिंतीवरचें आपलें चित्र पाहूं लागली, तर मला तिच्याकडे मान वर करून पाहतां येईल काय? ज्या चित्राबद्दल होय म्हणवत नाहीं, तें कितीहि सुंदर असलें तरी आपलें नव्हे.

ही कसोटी ज्यांनीं पाळली त्यांना थांबणेंहि साधलें. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनीं आपलीं पहिलीं चित्रें याच शहराच्या नित्याच्या जीवनाचीं काढलीं. तीं त्यांच्या पतीच्या नांवानें छापून येत. १९४२ मध्यें त्या दिल्लीस गेल्या आणि पुढें देशाच्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून प्रसिद्धि पावल्या. पण १९७० सालीं त्यांनीं कॅमेरा खालीं ठेवला. नव्या पिढीच्या धंद्यांतला बेमुर्वतपणा त्यांना रुचला नाहीं. २०१२ सालीं त्या वारल्या. मधल्या चाळीसांहून अधिक वर्षांत त्या आपल्या व्यवसायाकडे परत फिरल्या नाहींत. प्रयोजन ज्याला कळलें आहे, त्याला तें कोठें संपतें हेंहि कळतें.

तेव्हां जेवणाच्या पानावरच्या त्या प्रश्नाला मुलानें काय उत्तर द्यावें? आम्हांस वाटतें, त्यानें म्हणावें कीं, मी रोज ज्यांच्यामधून धांवत जातों, त्या माणसांपाशीं आठवड्यांतून एकदां थांबतों, आणि मीं काय पाहिलें तें घरीं येऊन पुन्हा नीट पाहतों. हें उत्तर मोठें नाहीं, पण तें प्रामाणिक आहे, आणि तें कृतीनें सिद्ध करतां येण्याजोगें आहे. आईला तेवढ्यानें पटलें नाहीं, तर पुढच्या रविवारीं तिलाच बरोबर न्यावें. जातांना, गेल्या खेपेस ज्या फुलवालीचें चित्र घेतलें होतें त्याची एक चांगली प्रत काढून घ्यावी, ती तिच्या हातांत द्यावी, आणि या वेळीं तिचें नांव विचारावें.